‘आलो’ की ‘आले’? – लिंगभाव, उपचार आणि कॉलेजात शिकणारी मुले

वाचकहो, या सदरात आजवर आपण मधुमेह, रक्तदाब, पावसाळ्यातील जुलाब, लहान मुलांचे लसीकरण अशा विषयांवर बोललो. आजचा विषय थोडा निराळा आहे. तो लिहावा की नाही, याचा मी महिनाभर विचार केला. अखेर लिहायचे ठरवले, कारण या बाबतीत माझ्या हातून एकदा चूक झाली आहे आणि तिचा त्रास दुसऱ्याला भोगावा लागला आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. कंपाउंडर शटर ओढण्याच्या बेतात असताना एक विद्यार्थी लंगडत आत आला. पुण्याहून एस. टी.ने सात तास बसून थेट दवाखान्यात. वय वीस, बी. एस्सी.चे शेवटचे वर्ष, वसतिगृहात वास्तव्य. वडील एस. टी.तच कंडक्टर, म्हणजे आमच्या गावातले माहितीतले घर. नाव बदलून आपण ‘सुहास’ म्हणू. हे नाव मुलाचेही असते आणि मुलीचेही, म्हणून मुद्दाम निवडले आहे.

डाव्या पायाची पोटरी सुजून लाल झाली होती, हाताला गरम लागत होती. मार लागला का, ताप आला का, असे नेहमीचे प्रश्न विचारून झाले. मग विचारले, “कसली औषधे चालू आहेत का?” बराच वेळ उत्तर नाही. मग सुहासने उठून दार लोटले आणि खाली मान घालून सांगितले, “डॉक्टरकाका, आठ महिने झाले, मी गोळ्या घेते आहे.”

‘घेतो’ नव्हे, ‘घेते’. ज्या बाळाची पहिली लस मी माझ्या हाताने टोचली आणि ज्याला वीस वर्षे मी मुलगा समजत आलो, ती त्या दिवशी माझ्यासमोर पहिल्यांदा स्वतःच्या भाषेत बोलली. गोळ्या होत्या कुटुंबनियोजनाच्या. एका ओळखीच्या व्यक्तीने सांगितले म्हणून, औषधाच्या दुकानातून आणून, रोज दोन किंवा तीन. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. त्याच रात्री जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन डॉपलर सोनोग्राफी केली, तेव्हा शंका खरी ठरली. अशी गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावू शकतो. ती वेळ आली नाही, हे आमचे नशीब.

आता माझी चूक सांगतो. पाच वर्षांपूर्वी, दहावीत असताना, हिची आई हिला माझ्याकडे घेऊन आली होती. “डॉक्टर, हा धड बोलतच नाही हो. शाळेत गेलो, जेवलो, असे काही म्हणतच नाही. नुसते ‘शाळा झाली’, ‘जेवण झाले’.” मी हसलो होतो. “वयात येताना मुले अशीच घुमी होतात. व्यायामशाळेत घाला, सगळे ठीक होईल,” असे सांगून टॉनिक लिहून दिले होते. मराठीत ‘मी’ म्हटले की पुढे ‘आलो’ की ‘आले’ हे ठरवावेच लागते. ते पोर ते वाक्यच टाळत होते. आईच्या कानाला ते जाणवले होते. मला, शिकलेल्या माणसाला, जाणवले नाही.

हा लिंगभाव म्हणजे काय?

मूल जन्मले की शरीराकडे पाहून सुईण किंवा डॉक्टर ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असे सांगतात. ही झाली शरीराची खूण. परंतु मी पुरुष आहे की स्त्री, की या दोन्हींत न बसणारे कोणी, ही जी आतली जाणीव असते तिला लिंगभाव म्हणतात. बहुतेकांचे हे दोन्ही जुळते, म्हणून आपल्याला तो वेगळा असतो हे लक्षातही येत नाही. काहींचे जुळत नाही. अशा व्यक्तींना पारलिंगी म्हणतात. जन्माच्या वेळी मुलगा ठरवली गेलेली परंतु स्त्री असलेली व्यक्ती म्हणजे पारलिंगी स्त्री, आणि याच्या उलट तो पारलिंगी पुरुष.

येथे तीन गोष्टींची गल्लत होते, ती आधी दूर करू. पहिली, कोणाबद्दल आकर्षण वाटते हा वेगळा प्रश्न आहे; लिंगभाव म्हणजे मी स्वतः कोण, हा प्रश्न. दुसरी, काही मुलांच्या जननेंद्रियांची, ग्रंथींची किंवा गुणसूत्रांची जडणघडणच जन्मतः वेगळी असते. त्यांना आंतरलिंगी म्हणतात. २०१८ साली बीड जिल्ह्यातील एका पोलीस कर्मचाऱ्याची मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ती बातमी सर्वत्र गाजली, हे अनेकांना आठवत असेल. त्या तपासण्यांत वाय गुणसूत्र आढळले होते. पारलिंगी व्यक्तींच्या तपासण्यांत मात्र असे काही सापडावेच असे नाही. बहुतेकांचे सर्व रिपोर्ट नॉर्मल येतात. म्हणून ‘रिपोर्टमध्ये काही नाही, म्हणजे सगळे खोटे’ असा निष्कर्ष काढू नये. तिसरी, टाळी वाजवत दारी येणारा तृतीयपंथी समाज ही गुरू-चेल्यांची एक सामाजिक परंपरा आहे. प्रत्येक पारलिंगी व्यक्ती त्या परंपरेत जातेच असे नाही. कोणी बी. एस्सी. करते, कोणी बँकेच्या परीक्षा देते.

हा आजार आहे का? जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये स्वीकारली आणि ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तीत हा विषय मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला आहे. म्हणजे हे वेड नव्हे, विकृती नव्हे. मात्र शरीर आणि जाणीव जुळत नाही याचा जो ताप होतो, आरशात पाहवत नाही, आवाज फुटू लागला की किंवा पाळी सुरू झाली की जीव नकोसा होतो, तो ताप खरा असतो आणि त्यावर उपचार आहेत. त्यांना लिंगभावाशी सुसंगत उपचार म्हणावे.

आपल्या भाषेत असे विषय काढणे नवे नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवले. त्यासाठी त्यांना खटले सोसावे लागले. आज निदान तेवढे तरी सोसावे लागू नये.

प्रश्न कॉलेजच्या वयातच का पुढे येतो?

जाणीव बहुधा लहानपणापासून असते. परंतु घरी असेपर्यंत मूल गप्प बसते. कॉलेजच्या निमित्ताने ते शहरात जाते, आपल्यासारखे आणखी कोणी आहे हे त्याला प्रथमच कळते, आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यामुळे स्वतःच्या उपचाराला संमती देण्याचा कायदेशीर अधिकारही येतो. याच वेळी पैसा मात्र हातात नसतो. मेसचे पैसे वाचवून औषध घ्यावे लागते. डॉक्टर ओळखीचा नसतो. रेक्टरला कळेल, घरी पत्र जाईल, ही भीती असते. मग सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे औषधाचे दुकान. सुहास त्याच रस्त्याने गेली.

सुरुवात कोठून करावी?

पहिली पायरी औषधाची नसते, बोलण्याची असते. मनोविकारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ यांच्याकडे जावे. ‘मला वेड लागले नाही, मग तिकडे कशाला?’ असे मुले विचारतात. त्यांचे काम तीन गोष्टी पाहण्याचे असते. ही जाणीव टिकून आहे का. व्यक्तीला उपचारांचे परिणाम नीट समजले आहेत का. आणि सोबत नैराश्य, चिंता, जीव देण्याचे विचार असे काही असेल तर त्यावर उपचार करणे. यासाठी एक-दोन किंवा जास्त भेटी होतात आणि मग ते एक पत्र देतात.

‘हे मनातून काढून टाकतो, दोन महिन्यांत पूर्वीसारखा करतो’ असे कोणी म्हणाले, शॉक, इंजेक्शने, अंगारे किंवा कोंडून ठेवणे सुचवले, तर तेथून उठून यावे. अशा ‘सुधारणा उपचारां’चा उपयोग होत नाही, नुकसान मात्र होते. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली असे उपचार करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले.

दुसरी पायरी म्हणजे एन्डोक्रिनॉलॉजिस्ट, अर्थात अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ. ते जवळ नसतील तर या उपचारांची माहिती असलेले एम. डी. फिजिशियन किंवा स्त्रीरोगतज्ज्ञही हे काम करतात. मोठ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयात मनोविकार, मेडिसीन, स्त्रीरोग हे सर्व विभाग एकाच आवारात असतात आणि खर्च खासगीपेक्षा पुष्कळ कमी येतो. गैरसोय एवढीच की ओ. पी. डी. सकाळची, आणि कॉलेजचे प्रॅक्टिकलही सकाळचेच. टाइमटेबल पाहून वार ठरवावा आणि तोच वार धरून ठेवावा.

केवळ पारलिंगी व्यक्तींसाठी चालवलेले मित्र क्लिनिक २०२१ साली हैदराबादेत सुरू झाले. पुढे कल्याण आणि पुणे येथेही तशी क्लिनिके निघाली. ती अमेरिकी मदतीवर चालत होती. जानेवारी २०२५ मध्ये ती मदत थांबली आणि तिन्ही बंद पडली. परक्याच्या पैशावर उभी राहिलेली सोय किती टिकते, हे यावरून दिसते. म्हणून जिल्हा रुग्णालयांतील आणि आमच्यासारख्या साध्या डॉक्टरांनीच हे शिकून घेणे जरूर आहे, असे माझे मत झाले आहे.

संप्रेरके काय करतात?

संप्रेरके म्हणजे हार्मोन्स. ती सुरू करण्यापूर्वी रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन, साखर, चरबी, यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या होतात. घरात कोणाला गुठळ्या, हृदयविकार किंवा स्तनाचा कर्करोग झाला आहे का, तंबाखू-सिगारेट आहे का, हे विचारले जाते. येथे खोटे बोलू नये.

पारलिंगी स्त्रीला इस्ट्रॅडिऑल हे स्त्री-संप्रेरक आणि सोबत पुरुष-संप्रेरक दाबणारे औषध देतात. साधारण तीन ते सहा महिन्यांत स्तनांची वाढ सुरू होते, ती पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. त्वचा मऊ होते, चरबीची ठेवण बदलते, स्नायूंची ताकद थोडी कमी होते. दाढी मात्र जात नाही, फक्त वाढ मंदावते. तिच्यासाठी लेसर किंवा इलेक्ट्रोलिसिस लागते. फुटलेला आवाजही औषधाने बदलत नाही. त्यासाठी स्पीच थेरपीचा सराव करावा लागतो.

पारलिंगी पुरुषाला टेस्टोस्टेरॉन देतात, आपल्याकडे बहुधा इंजेक्शनच्या रूपाने. दोन ते सहा महिन्यांत बहुतेकांची पाळी थांबते, वर्षभरात आवाज जाड होतो, मग हळूहळू दाढी-मिशा येतात. मुरुमे येतात, काहींना पुढे टक्कल पडते. रक्त दाट होऊ शकते, म्हणून हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट वरचेवर पाहावे लागते. आणखी एक महत्त्वाची गोष्ट: पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही असे नव्हे. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नाही, आणि गर्भ राहिलाच तर त्याला या औषधाने अपाय होतो.

यातले काय परत फिरते आणि काय फिरत नाही, हे आधी समजून घ्यावे. जाड झालेला आवाज, आलेली दाढी आणि वाढलेले स्तन औषध बंद केले तरी राहतात. पाळी, स्नायू, चरबीची ठेवण या गोष्टी पुष्कळशा पूर्ववत होतात. मूल होण्याची क्षमता परत येईलच अशी खात्री देता येत नाही. म्हणून ज्याला पुढे स्वतःचे मूल हवेसे वाटेल त्याने औषध सुरू करण्यापूर्वीच वीर्य किंवा स्त्रीबीज गोठवून ठेवण्याबद्दल विचारावे. वीस वर्षांच्या मुलाला हा प्रश्न दूरचा वाटतो. पण विचारणे डॉक्टरचे कर्तव्य आहे.

पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एक-दोनदा रक्त तपासावे लागते. जास्त मात्रेने बदल लवकर होतात, हा गैरसमज आहे. रक्तातील पातळी योग्य मर्यादेत ठेवणे हेच सूत्र. घाई केली तर गुठळी होते, दाढी काही लवकर जात नाही.

हे तीन धोके टाळा

पहिला, कुटुंबनियोजनाच्या गोळ्या. त्यांत बहुधा एथिनिल इस्ट्रॅडिऑल नावाचे कृत्रिम स्त्री-संप्रेरक असते. ते यकृतावर जोरकस परिणाम करते आणि रक्त गोठवणारे घटक वाढवते. कुटुंबनियोजनासाठी रोज एक गोळी, तीही डॉक्टरने तपासून, ही गोष्ट वेगळी. रोज दोन-तीन घेणे ही गोष्ट वेगळी. त्यात सिगारेट किंवा एस. टी.चा लांबचा प्रवास यांची भर पडली की धोका वाढतो. उपचारात वापरतात ते इस्ट्रॅडिऑल शरीरातल्या नैसर्गिक संप्रेरकासारखेच असते, आणि ज्यांना गुठळीचा धोका अधिक त्यांना ते गोळीऐवजी त्वचेवरून, जेल किंवा पट्टीच्या रूपाने देतात.

दुसरा, जिममध्ये मिळणारी ‘ताकदीची’ इंजेक्शने. बाटलीत काय आहे, मात्रा किती आहे, कोणालाच ठाऊक नसते. एकाची सुई दुसऱ्याने वापरली तर कावीळ आणि एच. आय. व्ही. यांचा धोका आहेच.

तिसरा, छाती दाबण्यासाठी क्रेप बँडेज करकचून बांधणे. अनेक पारलिंगी मुले वसतिगृहात हे करतात. असे बँडेज श्वासागणिक आवळत जाते, त्याने बरगड्या दुखावतात, दम लागतो, कातडी सोलते. यासाठी बाइंडर नावाचा खास कपडा मिळतो. तोही दिवसातून आठ तासांपेक्षा जास्त घालू नये. झोपताना आणि खेळताना काढावा.

धोक्याची लक्षणे पाठ करावीत. एकाच पोटरीला सूज, छातीत दुखणे, अचानक दम लागणे, जोराची डोकेदुखी, अंधारी, डोळे पिवळे होणे. असे काही झाले तर तत्काळ रुग्णालय गाठावे आणि कोणती औषधे चालू आहेत ते लाज न बाळगता सांगावे. सुहासने ते सांगितले म्हणून निदान लवकर झाले.

शस्त्रक्रियेविषयी

लोकांच्या बोलण्यात ‘लिंगबदल’ म्हणजे एकच मोठे ऑपरेशन असते. प्रत्यक्षात छातीची, गर्भाशय काढण्याची आणि जननेंद्रियांची अशा वेगवेगळ्या शस्त्रक्रिया आहेत. सर्वांना सर्व हव्यात असे नाही. कित्येकांना एकही नको असते आणि त्यामुळे त्यांचा लिंगभाव कमी खरा ठरत नाही. शिकत असताना घाई करू नये. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे विश्रांती लागते, जखमेची निगा लागते, जवळ माणूस लागते. वसतिगृहाच्या खोलीत हे जमत नाही. स्वस्तात, अर्ध्या दिवसात, गुपचूप करून देतो म्हणणाऱ्यांपासून तर चार हात दूर राहावे.

कॉलेज, कागदपत्रे आणि कायदा

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी दिलेल्या निकालात पारलिंगी व्यक्तींचे मूलभूत हक्क मान्य केले. २०१९ साली संसदेने त्यांच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि तो १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. त्यात शिक्षण आणि आरोग्यसेवेत भेदभावाला मनाई केली आणि प्रत्येक संस्थेत तक्रार अधिकारी नेमण्यास सांगितले. ओळखीचा दाखला जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून मिळण्याची तरतूदही त्याच कायद्याने झाली. दाखला असलेल्यांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्याचे २०२२ साली जाहीर झाले. नियम आणि योजना वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात जाऊन त्या दिवशीचा नियम विचारून घ्यावा. शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये.

विद्यार्थ्यांसाठी काही व्यवहाराच्या सूचना. केसपेपरवर आणि लॅबच्या रिपोर्टवर ओळखपत्रातले नाव ठेवावे, म्हणजे रिपोर्टची अदलाबदल होत नाही; तोंडी कोणत्या नावाने हाक मारावी ते डॉक्टरांना मोकळेपणी सांगावे. सर्व कागद एका फाईलमध्ये, तारखेनुसार लावावेत. हजेरीसाठी डॉक्टरचा दाखला लागला तर त्यात ‘उपचार चालू असल्याने विश्रांतीची गरज’ एवढे पुरते. निदान लिहिलेच पाहिजे असे नाही. सज्ञान रुग्णाची माहिती डॉक्टरने रेक्टर, प्राचार्य किंवा आईवडील यांना रुग्णाच्या परवानगीशिवाय देऊ नये. विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टर तज्ज्ञ नसले तरी रक्तदाब पाहणे, रिपोर्ट तपासणे, चिठ्ठी देणे ही कामे करू शकतात. नाव बदलायचे असल्यास राजपत्रातील प्रसिद्धी शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचा फॉर्म भरण्यापूर्वी करून घ्यावी, नाहीतर पदवीवर एक नाव आणि आधारकार्डावर दुसरे, अशी स्थिती होते. आणि निदान एका विश्वासू माणसाला, मैत्रीण असो, मावशी असो की शिक्षक, सर्व सांगून ठेवावे. रात्री-बेरात्री मन फार खचले तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येते.

पालक विचारतात

“आमचे कुठे चुकले?” कुठेही नाही. संगोपनाने, सिनेमाने किंवा संगतीने लिंगभाव बदलतो असे दिसून आलेले नाही.

“लग्न करून दिले तर?” दोन आयुष्ये दुःखी होतील. हा उपाय करून पस्तावलेली घरे मी पाहिली आहेत.

“हे तात्पुरते खूळ असेल तर?” म्हणूनच औषधाच्या आधी तज्ज्ञांशी बोलणे असते. नाव, कपडे, केस हे बदल आधी करून पाहता येतात. त्यांत परत न फिरण्यासारखे काही नाही. जे तात्पुरते असेल ते या काळात कळते. आणि उपचार घेतलेल्यांपैकी पुढे पस्तावणाऱ्यांचे प्रमाण थोडे आहे, असेच आजवरच्या पाहण्या सांगतात.

“लोक काय म्हणतील?” या प्रश्नाचे औषध माझ्या दवाखान्यात नाही. एवढे मात्र सांगतो की घरच्यांनी जवळ घेतलेल्या मुलांमध्ये नैराश्य आणि जीव देण्याचे विचार कमी आढळतात.

सुहासचे पुढे काय झाले?

रक्त पातळ करणारी औषधे सुरू झाली. पहिले काही दिवस आई दवाखान्यात उशाशी होती, वडील बाहेर बाकावर बसून होते. चौथ्या दिवशी ते माझ्याकडे आले. “डॉक्टरसाहेब, मला यातले काही कळत नाही. पण पोरगं मरता मरता वाचलं. आता तुम्हीच सांगा काय करायचं ते.” मी त्यांना आधी माझी पाच वर्षांपूर्वीची चूक सांगितली. मग पुण्याच्या तज्ज्ञांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली. ते रजा काढून स्वतः बरोबर गेले. मनोविकारतज्ज्ञांच्या भेटी झाल्या. रक्ततज्ज्ञांचा सल्ला घेतला, आणि गुठळी पूर्ण विरघळल्यावर, सगळे रिपोर्ट पाहून, बेताच्या मात्रेत त्वचेवरून लावायचे औषध सुरू झाले. शेवटच्या वर्षाची परीक्षा तिने दिली.

मध्यंतरी वडील रक्तदाब तपासायला आले होते. पट्टा बांधताना मी विचारले, “सुहास काय म्हणते?” ते थोडे थांबले. मग म्हणाले, “बरी आहे. परवाच आली होती.” ‘आली’ म्हणताना ते किंचित अडखळले, पण म्हणाले.

वाचकहो, आपल्या घरात किंवा शेजारी असे एखादे मूल ‘मी’ म्हणून पुढचे वाक्य गिळत असेल, तर त्याला टॉनिक देऊ नका. त्याच्याजवळ बसा, आणि त्याला वाक्य पुरे करू द्या.

(पुढील आठवड्यात : हिवाळ्यातील दमा आणि घ्यावयाची काळजी)